गाठीची जनुक तपासणी: बायोप्सीच्या डबीपासून रिपोर्टपर्यंत, बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

मावशीला खोकला लागला तेव्हा आम्ही सगळे टीबी धरूनच चाललो होतो. खानापूर तालुक्यातलं गाव, चुलीपुढं गेलेलं आयुष्य, तंबाखूला कधी हात लावलेला नाही. फुप्फुसाचा कॅन्सर कुणाच्या डोक्यात येणार? चार महिने टीबीची औषधं झाली, वजन उतरत गेलं, मग सीटी स्कॅन, मग सुईची बायोप्सी. निदान आलं, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. डॉक्टर म्हणाले, "ईजीएफआर नावाचं जनुक तपासून घेऊ. बदल सापडला तर मावशींना केमोऐवजी रोजची एक गोळी चालेल." ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, लॅबला पाठवला. नवव्या दिवशी लॅबचा फोन आला की तपासायला तुकडाच उरलेला नाही.

मी बेळगावात गेली सतरा वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवायचे, कापायचे, रंगवायचे, हे माझं रोजचं काम. मावशीची बायोप्सी दुसऱ्या रुग्णालयात झाली होती. तिथं निदान पक्कं करण्यासाठी एकामागून एक रंगचाचण्या झाल्या आणि शेवईच्या तुकड्याएवढा तो नमुना संपून गेला. बायोप्सीच्या कागदावर 'जनुक तपासणीसाठी तुकडा राखून ठेवावा' एवढी एक ओळ नव्हती. ती ओळ लिहायला मीही सांगितलं नाही, याची बोच आजही जात नाही.

लोकांना वाटतं ही तपासणी म्हणजे बेंगळुरू-मुंबईच्या मोठ्या मशीनचं काम. मशीन आपलं काम चोख करतं. बिघाड होतो तो बहुतेक त्याआधी: डबीत, तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रावात, ब्लॉकवर. आणि नेमका तेवढा भाग घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर घडत असतो. म्हणून या लेखात त्या भागावर जास्त लिहिलं आहे.

तपासणी कुणाला लागते, कुणाला नाही

पेशीनं कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याच्या सूचना जनुकांत असतात. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चिकटून बसला की बटण दाबूनही मोटर थांबत नाही. ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल झाला की वाढीचा संदेश तसाच चालू राहतो. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या त्या चिकटलेल्या जागी बसून संदेश तोडतात. ज्याच्या गाठीत हा बदल नाही त्याला त्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. बदल आणि औषध यांचा हा संबंध २००४ साली स्पष्ट झाला. पुढच्या काही वर्षांत 'आधी तपासणी, मग गोळी' हा क्रम पक्का झाला.

फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात ही तपासणी चुकवू नये. भारतात या प्रकारच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाला, किंवा थोड्या जास्त जणांना, ईजीएफआरमधला बदल सापडतो. कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. सोबत एएलके आणि आरओएस-वन ही जनुकंही बघतात. ही दोन कमी जणांत सापडतात, पण सापडली तर त्यांच्यावरही गोळ्या आहेत. पूर्वी हे सगळं फक्त पसरलेल्या आजारात करत. आता ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांनाही ईजीएफआरचा निकाल लागतो, कारण ऑपरेशननंतर द्यायचं औषध त्यावर ठरतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिला प्रश्न हर-टूचा. हे जनुक काही गाठींत अनेक पटींनी वाढलेलं असतं आणि त्यावर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ पासून वापरात आहे. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केरास आणि एनरास ही जनुकं बघतात. तिथं हिशेब उलटा आहे: बदल सापडला तर सेटुक्सिमॅब हे महागडं इंजेक्शन द्यायचं नाही, कारण ते चालत नाही. केरासचा बदल सुमारे चाळीस टक्के रुग्णांत असतो, म्हणजे तपासणी न करता इंजेक्शन दिलं तर दहांतल्या चार घरांचा पैसा आणि वेळ फुकट जातो. बीजकोशाच्या म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये ब्राका-वन आणि ब्राका-टू ही जनुकं बघतात. पोटातल्या जिस्ट नावाच्या गाठीत किट हे जनुक.

आता आपल्या भागाबद्दल. निपाणी-चिकोडीकडं तंबाखू पिकते, विड्या वळल्या जातात, गुटखा-मावा गावोगाव आहे. आमच्या टेबलावर येणाऱ्या बायोप्सींत तोंडाच्या कॅन्सरच्या खूप असतात. गाल, जीभ, हिरडी यांच्या या कॅन्सरमध्ये सुरुवातीचा उपचार ऑपरेशन आणि रेडिएशन हाच आहे, आणि तो ठरवायला जनुक तपासणी लागत नाही. कुणी सुरुवातीलाच शेकडो जनुकं एकदम तपासणाऱ्या पॅनेलसाठी कर्ज काढायला सांगत असेल तर एकच विचारा: "या रिपोर्टनं उपचार बदलणार आहे का?" तोंडाच्या गाठीत टीपी-५३ जनुकातला बदल बहुधा सापडतोच, पण त्यावर वापरात असलेली गोळी नाही. तो पैसा ऑपरेशनसाठी आणि दोन महिन्यांच्या जाण्या-येण्यासाठी ठेवा.

बायोप्सीच्या आधी डॉक्टरांना काय विचारायचं

"निदानानंतर जनुक तपासणी लागण्याची शक्यता आहे का? असेल तर तुकडे जास्त घेता येतील का?" हे सुई घालण्याच्या आधी विचारायचं. फुप्फुसात सुई घालताना धोका असतो, त्यामुळं किती तुकडे घ्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. पण गरज आधी माहीत असली तर ते त्या हिशेबानं घेतात. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, तुकडा जनुक तपासणीसाठी राखून ठेवावा. दुसरी, दोन-तीन तुकडे असतील तर ते वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये बसवावेत. सगळे तुकडे एकाच ब्लॉकमध्ये बसवले की प्रत्येक चाचणीला सगळेच कापले जातात. वेगळे बसवले तर एक ब्लॉक निदानाला खर्च होतो, दुसरा शाबूत राहतो.

छातीत पाणी झालं असेल आणि ते काढणार असतील तर ते सगळं टाकून देऊ देऊ नका. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असू शकतात. ते लगेच लॅबला पोचलं तर त्यातल्या पेशी खाली बसवून 'सेल ब्लॉक' बनवता येतो आणि त्यावर जनुक तपासणी होते. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सुई टोचण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फॉर्म बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी मराठीत समजावून मागायला अजिबात संकोच करू नका. बेळगावच्या कुठल्याही रुग्णालयात मराठी बोलणारी सिस्टर किंवा ब्रदर सापडतोच.

डबी तुमच्या हातात येते तेव्हा

लहान नर्सिंग होममध्ये हे नेहमीचं आहे. ऑपरेशन थिएटरचं दार अर्धं उघडतं, सिस्टर एक डबी हातात देते आणि म्हणते, "हे लॅबला देऊन या." त्या क्षणी चार गोष्टी बघायच्या.

डबीत काय आहे? उत्तर 'दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन' असं यायला हवं. सलाइन असेल तर तुकडा आतून कुजायला लागतो. आमच्याकडं एकदा सलाइनमध्ये रात्रभर राहिलेली गाठ आली. कापली तेव्हा कडा ठीक दिसत होत्या, मधला भाग शिजलेल्या भोपळ्यासारखा मऊ झाला होता. झाकण उघडून वास घेऊ नका, फॉर्मॅलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. सिस्टरला विचारा आणि लेबल वाचा. साधं, बफर न घातलेलं फॉर्मॅलिन दिवसागणिक आम्लधर्मी होतं आणि जनुकांचे धागे तोडतं, म्हणून 'बफर्ड' हा शब्द महत्त्वाचा.

फॉर्मॅलिन किती आहे? तुकड्याच्या दहापट हवं. चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ आणि वर दोन बोटं फॉर्मॅलिन, असं असेल तर तिथंच मोठी डबी मागा.

वेळ लिहिली आहे का? गाठ शरीराबाहेर काढल्यावर तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि तिथं किमान ६ तास व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. शनिवारी दुपारी ऑपरेशन, रविवारी सुट्टी, सोमवारी सण, असा जोड आला की ७२ तास सहज उलटतात. मोठ्या गाठीला आणखी एक अडचण आहे. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. स्तनाची आख्खी गाठ न कापता रात्रभर ठेवली तर मधोमध फॉर्मॅलिन पोचतच नाही. म्हणून मोठा नमुना त्याच दिवशी लॅबला पोचवून पॅथॉलॉजिस्टकडून चिरा पाडून घेणं गरजेचं असतं.

आणि नाव कुठं आहे? नाव, वय, केस नंबर डबीच्या अंगावर हवं, झाकणावर नको. झाकणं बदलतात. एकाच दिवशी तीन पाटील आणि दोन नाईक आमच्याकडं नेहमीच येतात. सीमाभागात नावाचा घोळ आणखी वाढतो. आधारवर यल्लाप्पा, केसपेपरवर येल्लप्पा, रिपोर्टवर नुसतं वाय. पाटील. पुढं ब्लॉक परराज्यातल्या लॅबला गेला की नाव जुळत नाही म्हणून नमुना अडकून पडतो. पहिल्या दिवशीच आधारवर आहे तेच स्पेलिंग सगळीकडं लिहून घ्या.

हाडातून बायोप्सी असेल तर एक जादा सूचना. हाड मऊ करण्यासाठी लॅबमध्ये अ‍ॅसिड वापरतात आणि अ‍ॅसिडमध्ये डीएनए खराब होतो. जनुक तपासणी करायची आहे हे आधी कळलं तर ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून तेच काम सावकाश करता येतं. चार-सहा दिवस जास्त लागतील. थांबा. आणि दुसरीकडं कुठं गाठ असेल तर हाडाऐवजी तिथून बायोप्सी घेता येईल का, हेही विचारा.

ब्लॉक

ब्लॉक बघितलेला नसतो म्हणून लोक त्याला जपत नाहीत. आगपेटीहून थोडी लहान, जाळीची प्लॅस्टिकची कॅसेट, तिच्यावर पांढऱ्या मेणाचा थर आणि त्या मेणात रुतलेला करडा तुकडा. कॅसेटच्या तिरप्या कडेवर नंबर. तुमच्या माणसाच्या उपचाराचा पुढचा निर्णय त्या करड्या ठिपक्यात असतो.

तो कापताना काय होतं ते सांगतो, म्हणजे तुकडा का संपतो हे कळेल. ब्लॉक मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर बसवून चाक फिरवलं की पात्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीची मेणाची फीत सुटते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात, मग काचेची स्लाइड तिरकी बुडवून फीत अलगद उचलायची. ब्लॉक एकदा काढून पुन्हा चढवला की पात्याचा आणि ब्लॉकचा कोन जुळेपर्यंत काही थर नुसतेच वाया जातात. शेवईएवढ्या तुकड्यात दोन-तीन वेळा असं झालं की हाती काही उरत नाही. म्हणून डॉक्टरांना विनंती करा की निदानाच्या वेळीच जास्तीच्या दहा-बारा न रंगवलेल्या स्लाइड कापून ठेवायला लॅबला सांगावं. एवढ्या एका गोष्टीनं मावशीचा तुकडा तपासणीला पुरला असता. अशा स्लाइड मात्र महिनोन्‌महिने ठेवून चालत नाही, काही आठवड्यांत वापरायला हव्यात.

ब्लॉक मागायला जाताना बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत, रुग्णाचं आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र, आणि डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. साधा अर्ज करावा लागतो. ब्लॉक रुग्णाच्या उपचारासाठी मिळतो. काही ठिकाणी अनामत रक्कम घेतात, ब्लॉक परत केला की ती मिळते. एकाच केसचे आठ-दहा ब्लॉक असतील तर "कॅन्सरच्या पेशी सगळ्यात जास्त कुठल्या ब्लॉकमध्ये आहेत?" हे पॅथॉलॉजिस्टना विचारून त्याचा नंबर अर्जावर लिहून घ्या. हातात आल्यावर कॅसेटवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथंच काउंटरवर ताडून बघा.

नेताना कापसात गुंडाळून लहान कडक डबीत ठेवा. ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडतं. गेल्या उन्हाळ्यात नंदगडकडच्या एका माऊलीनं ब्लॉक रुमालात बांधून कमरेला खोचून आणला होता, बसच्या गर्दीत कॅसेटचा कोपरा मोडला होता आणि तुकड्यावर चीर गेली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे. तिच्या मुलाला मी तो ब्लॉक भिंगाखाली दाखवला तेव्हा तो म्हणाला, "एवढंसं? आणि ह्याच्यावर आईचं सगळं ठरणार?" फ्रीझरमध्येही ठेवू नका. घरातली थंड, सावलीची जागा पुरते.

कुठली चाचणी, कुठं

चार नावं ऐकू येतील. आयएचसी म्हणजे स्लाइडवर रंग देऊन प्रथिन बघणं. स्वस्त आणि लवकर होणारी, बेळगावातही होते. हर-टू आणि एएलके याच मार्गानं आधी बघतात. हर-टूचा निकाल ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ आला तर तो अनिर्णित असतो आणि फिश करावंच लागतं. फिशमध्ये चमकणारे ठिपके जोडून जनुकाच्या प्रती मोजतात. २+ वर थांबलेले रिपोर्ट घेऊन सहा-सहा महिने फिरणारे रुग्ण मी बघितले आहेत. तसं करू नका. १+ ला पूर्वी पुढं काहीच नव्हतं, पण २०२२ पासून पसरलेल्या आजारात 'हर-टू लो' गटासाठीही एक औषध आलं आहे, म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं 'निगेटिव्ह' न लिहिता आकडा लिहून मागा.

पीसीआर एका-दोन जनुकांतले ठरलेले बदल शोधतं. निकाल साधारण आठवड्यात येतो. एनजीएस एका वेळी अनेक जनुकं वाचतं, दोन-तीन आठवडे घेतं आणि खर्च काही पटींनी जास्त. माझं मत विचाराल तर फुप्फुसासाठी पैसा आणि तुकडा दोन्ही पुरेसे असतील तर फुप्फुसापुरतं मर्यादित एनजीएस पॅनेल बरं, कारण एक-एक जनुक वेगळं तपासत गेलं की तुकडा संपतो. पैसा कमी असेल तर ईजीएफआर पीसीआर आणि एएलके आयएचसी ही जोडी करा. आपल्याकडं सापडणारे आणि औषध असलेले बहुतेक रुग्ण त्यात सापडतात. चारशे-पाचशे जनुकांचं पॅनेल पहिल्या फेरीत क्वचितच लागतं.

लॅब निवडताना एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता विचारा, आणि ती मान्यता नेमक्या या चाचणीसाठी आहे का हेही विचारा. रक्त-लघवीसाठी मान्यता असलेली लॅब जनुक तपासणीसाठी मान्यताप्राप्त असेलच असं नाही. बेळगावातून नमुने बहुतेक बेंगळुरू, मुंबई, पुणे, हैदराबादकडं जातात. इथल्या कलेक्शन सेंटरमधून कुरिअरनं गेले तरी चालतं. शुक्रवारी-शनिवारी पाठवू नका. आणि १ नोव्हेंबरच्या राज्योत्सव-काळ्या दिनाच्या आसपास किंवा सीमाप्रश्न पेटून कोगनोळीच्या सीमानाक्यावर बस अडकतात अशा दिवसांत ब्लॉक घेऊन रस्त्यानं कोल्हापूर-मिरजेकडं निघण्यापेक्षा रेल्वेनं जा.

लॅबच्या आत

थोडक्यात सांगतो. पॅथॉलॉजिस्ट आधी एक स्लाइड रंगवून गाठीच्या पेशींचं प्रमाण बघतात आणि कॅन्सरचा भाग पेननं आखतात. न रंगवलेल्या स्लाइडवरून तेवढाच भाग खरवडून घेऊन त्यातून डीएनए काढतात. शंभरातल्या पाचच पेशी कॅन्सरच्या असतील तर बदल असूनही तो नजरेतून सुटू शकतो, म्हणून रिपोर्टवर 'ट्यूमर कंटेंट' म्हणून टक्का छापलेला असतो. तो दहाच्या खाली असेल आणि निकाल निगेटिव्ह असेल तर त्या निगेटिव्हवर फार विसंबू नका.

रिपोर्ट वाचताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे नीट तपासलं आणि बदल सापडला नाही. 'इनअ‍ॅडिक्वेट', 'फेल्ड', 'क्यूएनएस' म्हणजे तपासणी झालीच नाही. ही दोन उत्तरं पूर्ण वेगळी आहेत. दुसरं उत्तर आलेल्या रुग्णाला 'निगेटिव्ह' म्हणून केमो सुरू झालेला मी एकदा नव्हे, अनेकदा बघितला आहे.

'वाइल्ड टाइप' म्हणजे जनुकात बदल नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये केरास वाइल्ड टाइप ही चांगली बातमी, फुप्फुसात ईजीएफआर वाइल्ड टाइप म्हणजे त्या गोळीचं दार बंद. शब्द एकच, अर्थ अवयवावर ठरतो.

फुप्फुसाच्या रिपोर्टमध्ये 'एक्झॉन १९ डिलिशन' किंवा 'एल८५८आर' दिसलं तर ते ईजीएफआरमधले सगळ्यात जास्त सापडणारे दोन बदल आहेत आणि नेहमीच्या गोळ्या त्यांच्यावर चालतात. 'एक्झॉन २० इन्सर्शन' वेगळं. त्यावर त्या गोळ्या बहुधा चालत नाहीत. म्हणजे नुसतं 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' एवढ्यावर औषध विकत आणू नका, पुढचं नाव वाचा.

एनजीएसमध्ये 'व्हीयूएस' नावाची यादी असते: बदल सापडला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. ती यादी लांबलचक असली तरी घाबरू नका. तिच्यावरून उपचार ठरत नाही आणि ठरवूही नये.

पीडी-एल-वन या गाठीवरच्या प्रथिनाचा आकडा जास्त आला म्हणून ईजीएफआर-एएलकेचा निकाल येण्याआधी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारं औषध) सुरू करायची घाई करू नका, हेही डॉक्टरांशी बोला. या बदलांच्या गाठींवर ती फारशी चालत नाही, आणि तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. रुग्णाची तब्येत थांबण्यासारखी नसेल तर डॉक्टर निकाल येईपर्यंत केमोचा एक डोस देऊन घेतात, ते योग्यच आहे.

तुकडा पुरला नाही तर

लिक्विड बायोप्सी करता येते. गाठीतला डीएनए थोडासा रक्तात सुटलेला असतो, तो शोधायचा. यासाठी खास ट्यूब लागते, जिच्यात रक्त साध्या तापमानात काही दिवस टिकतं. ती बर्फात घालायची नाही. साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करावा लागतो. बेळगावातून रक्त पाठवायचं तर खास ट्यूबच मागा.

मावशीचं हेच केलं. रक्तात एक्झॉन १९ डिलिशन सापडलं आणि गेफिटिनिब सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात ती अंगणात तुळशीपाशी बसून तांदूळ निवडत होती. तोंडावर पुरळ आलं, पोट बिघडलं, पण खोकला थांबला. तिच्या बाबतीत रक्तानं उत्तर दिलं. मात्र रक्त निगेटिव्ह आलं असतं तर गाठीत बदल नाही असं म्हणता आलं नसतं. पुन्हा बायोप्सी करावीच लागली असती.

घरातल्या इतरांचं काय

बहुतेक बदल फक्त गाठीत असतात. ते आईकडून मुलाकडं जात नाहीत, आणि मावशीच्या मुलींना तिच्या ईजीएफआरसाठी तपासायची गरज नाही. ब्राका आणि आतड्याच्या कॅन्सरमधली लिंच सिंड्रोमची जनुकं यांचं तसं नाही. ती वारशानं येऊ शकतात. गाठीत ब्राकाचा बदल सापडला तर तो जन्मापासूनचा आहे की फक्त गाठीतला, हे रुग्णाच्या रक्तावरून बघतात. जन्मापासूनचा असेल तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तो वडिलांकडूनही येतो. "आमच्या आईच्या घरात कुणाला नव्हतं" म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडं इथं लग्नाची भीती आडवी येते. "पोरीचं नाव कागदावर नको," असं म्हणणारे आई-बाप मला समजतात. त्यांना मी एवढंच सांगतो की रिपोर्ट तुमचा आहे, तो कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवाल. तपासणीआधी जनुक समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बसून बोला. कळलं तर वेळेत एमआरआय-मॅमोग्राफी होते. न कळता पस्तिसाव्या वर्षी गाठ घेऊन आलेल्या मुलींचे ब्लॉक मी कापले आहेत.

पैसा आणि दोन राज्यांचे कागद

२०१८ पासून चालू असलेल्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के. तातडीचं नसेल तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, म्हणजे बेळगावकरांना आधी सिव्हिल. जनुक तपासणी त्या पॅकेजमध्ये बसते का, हे मात्र आधी विचारा. पुष्कळदा ती वेगळी भरावी लागते. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा निर्णय घेतलेला आहे. तुमचं गाव यादीत असेल तर कोल्हापूर-मिरजेला जाण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राशी फोनवर बोलून कुठले दाखले लागतील ते लिहून घ्या, आणि मगच गाडीत बसा. काही औषध कंपन्या डॉक्टरांमार्फत ईजीएफआर, ब्राका यांसारख्या ठरावीक तपासण्या मोफत करून देतात, तेही विचारा. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क काढून टाकलं गेलं, तरी ती गोळी महाग आहे. गेफिटिनिब जेनेरिकमध्ये कितीतरी स्वस्त मिळतं.

आजार पुन्हा उचल खातो तेव्हा

गोळी कायम चालत नाही. गेफिटिनिबवर असलेल्या रुग्णांत आजार वाढला की साधारण निम्म्यांच्या गाठीत टी७९०एम नावाचा नवा बदल सापडतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालतं. म्हणून जुन्या रिपोर्टवर न राहता नव्यानं तपासायचं असतं. मावशीचा खोकला चौदाव्या महिन्यात परतला. या वेळी बायोप्सीच्या फॉर्मवर ती ओळ मी स्वतः लिहून घेतली, तुकडे दोन ब्लॉकमध्ये बसले, बारा स्लाइड त्याच दिवशी कापल्या गेल्या. ब्लॉक बेंगळुरूहून परत आल्यावर नंबर ताडून मूळ लॅबमध्ये जमा केला. त्याची पावती, दोन्ही ब्लॉकचे नंबर आणि दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावून ती फाइल मावशीच्या देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. घरातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत आहे.